युरोपियन पार्लमेंटकडे पिटिशन टाकताय? आधी या चुका टाळा

गेल्या वर्षी मडगावचा एक मित्र सहा पानं टाइप करून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "हे बघ रे, युरोपियन पार्लमेंटला पिटिशन पाठवतोय, एकदा नजर टाक." आम्ही दोघंही जर्मनीत राहतो, तो पोर्तुगीज पासपोर्टवर, मी भारतीय. त्याच्या बायकोचा पासपोर्ट भारतीय आणि तिचं रेसिडन्स कार्ड इथल्या फॉरेनर्स ऑफिसात अडकलेलं, ऑफिसचं म्हणणं आधी जर्मन भाषेचं ए-वन सर्टिफिकेट आणा. सहा पानांतली पहिली दोन आजोबांच्या लिस्बनमधल्या जन्मनोंदणीवर, पुढची दोन ऑफिसातल्या बाई कशा बोलल्या त्यावर, आणि खरा मुद्दा पाचव्या पानाच्या तळाशी, तोही एका ओळीत. तक्रार शंभर टक्के खरी होती हो, पण ती वाचून समोरच्याने नेमकं काय करायचं तेच कळत नव्हतं.

त्यानंतर अजून दोन-तीन जणांच्या पिटिशन्स, म्हणजे पार्लमेंटकडे केलेले तक्रारअर्ज, वाचायला मिळाल्या आणि सगळीकडे त्याच त्याच चुका, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

"आपण युरोपियन नाही, आपल्याला कोण विचारतंय" असं समजू नका

मास्ट्रिख्ट करार १९९३ मध्ये लागू झाला तेव्हापासून युरोपियन युनियनच्या नागरिकांना पिटिशन टाकायचा हक्क करारातच लिहून मिळालाय, आज तो युनियनच्या मूलभूत हक्कांच्या चार्टरमध्ये, म्हणजे सनदेत, कलम ४४ ला आहे. पण तो फक्त नागरिकांना नाही. युनियनच्या देशात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला आहे, पासपोर्ट कुठलाही असो, आणि तिथे नोंदणी असलेल्या कंपनीला किंवा संस्थेलाही. म्हणजे म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असलेला पुण्याचा इंजिनियर पिटिशन टाकू शकतो, आइंडहोवनचं मराठी मंडळ रजिस्टर्ड असेल तर मंडळसुद्धा टाकू शकतं. उलट पुण्यात बसून शेंगेन व्हिसा का नाकारला म्हणून भारतीय नागरिकाने टाकलेली पिटिशन यात बसत नाही, कारण तो ना नागरिक ना तिथला रहिवासी.

आणि स्विंडनला राहणारे आपले गोंयकार, ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांनी ब्रेक्झिट झालं म्हणजे हक्क गेला असं धरून चालू नये. राहतात ब्रिटनमध्ये पण नागरिक अजून युरोपियन युनियनचेच आहेत, त्यामुळे हक्क शाबूत आहे.

सगळ्यात मोठी चूक: विषय युरोपियन कायद्याचा नसणं

या चुकीमुळे सगळ्यात जास्त पिटिशन्स बाद होतात. पार्लमेंटची पिटिशन्स कमिटी पहिला प्रश्न एकच विचारते, हा विषय युनियनच्या कामाच्या कक्षेत येतो का आणि पिटिशन टाकणाऱ्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे का. अन्याय किती मोठा झालाय हा प्रश्न नंतरचा. लोक चार्टरमधली कलमं भरभरून टाकतात, मानवी प्रतिष्ठा, समानता, न्याय्य सुनावणी, पण त्याच चार्टरचं कलम ५१ वाचत नाहीत. ते सांगतं की चार्टर सदस्य देशांना लागू होतो तो ते युनियनचा कायदा राबवत असताना. तुमचा वाद शुद्ध देशांतर्गत असेल, घटस्फोटाचा निकाल, मालमत्तेची वाटणी, देशातल्या पेन्शनचा हिशोब, तर चार्टर कितीही वेळा लिहा, उपयोग होत नाही.

माझ्या मित्राचीच केस घ्या कारण त्यात दोन्ही बाजू होत्या. लिस्बनला जन्मनोंदणीला लागलेला वेळ हा पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याचा विषय, कुणाला नागरिकत्व द्यायचं ते प्रत्येक देश ठरवतो, म्हणून ती दोन पानं सरळ काढली. पण पोर्तुगीज माणूस जर्मनीत येऊन राहतो तेव्हा त्याला २००४ चा फ्री मूव्हमेंट डायरेक्टिव्ह लागू होतो, त्याचा नंबर २००४/३८ (डायरेक्टिव्ह म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युनियनचा कायदा). त्यात बायको-मुलांच्या रेसिडन्स कार्डासाठी अर्ज केल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि कुठली कागदपत्रं मागायची त्याची यादी आहे, त्या यादीत भाषेचं सर्टिफिकेट नाही! हाच मुद्दा आणि हाच कागदावर यायला हवा होता. गंमत बघा, तोच मित्र पोर्तुगालमध्येच राहत असता तर हा डायरेक्टिव्ह त्याला असा सरळ लागू झालाच नसता, कारण तो स्वतःच्या देशाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे.

जोडीदार युनियनचा नागरिक नसेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना हा डायरेक्टिव्ह सहसा लागू होत नाही, त्यांचे कायदे वेगळे. ब्लू कार्डासाठी २०२१ चा डायरेक्टिव्ह, कुटुंब आणण्यासाठी २००३ चा, दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी पण २००३ चाच पण दुसरा. २००३ च्या फॅमिली वाल्यात साधारण नऊ महिन्यांत निर्णय द्यायचा नियम आहे आणि डेन्मार्क-आयर्लंडला तो बांधील नाही. म्हणजे कोपनहेगनमध्ये बसून त्याच्या आधारावर लिहिलं तर मेहनत वाया. आधी आपला डायरेक्टिव्ह कुठला ते शोधा, मग लिहायला बसा, उलटं करू नका.

पहिल्या चार ओळीत मुद्दा नसणं

पिटिशन आली की तिला नंबर मिळतो, कमिटीचं सचिवालय तिचा सारांश बनवतं आणि पुढे तो सारांशच फिरतो, पार्लमेंटच्या पिटिशन पोर्टलवर लोकांना दिसतो तोही तोच. तुम्ही मुद्दा पाचव्या पानावर लिहिला तर सारांश बनवणाऱ्याने तो शोधून काढावा ही अपेक्षा करणं बरोबर नाही, तिथे वर्षाला हजार-दीड हजार पिटिशन्स येतात.

मित्राचं आधीचं शीर्षक होतं, "आमच्या कुटुंबावर झालेल्या अन्यायाविरुद्ध न्याय मिळावा." आम्ही ते बदलून असं केलं, "युनियन नागरिकांच्या जोडीदारांकडून रेसिडन्स कार्डासाठी भाषा सर्टिफिकेट मागण्याबाबत, डायरेक्टिव्ह २००४/३८, जर्मनी." खाली चार गोष्टी. कुठल्या तारखेला काय अर्ज केला, ऑफिसने लेखी काय मागितलं, कायदा काय म्हणतो, आणि हे आमच्या एकट्याचं नाही कारण अजून दोन कुटुंबांना तशीच पत्रं आली आहेत. एक पान, बस. बाई कशा बोलल्या ते सगळं गेलं, मित्राला वाईट वाटलं आणि मला ते समजत होतं कारण त्रास तर तोच झाला होता, पण कमिटी त्या बाईंचं काही करू शकत नाही.

तो "आमच्या एकट्याचं नाही" वाला भाग तर अजिबात सोडू नका. कमिटी स्वतः तपास यंत्रणा नाहीये, ती बहुतेक वेळा युरोपियन कमिशनला, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेला, विचारते की यावर तुमचं मत काय. आणि २०१६ मध्ये कमिशनने जाहीरच केलंय की देशांवर कारवाई करताना मोठ्या, वारंवार दिसणाऱ्या उल्लंघनांना प्राधान्य देणार, सुट्या केसेसना देशातल्याच कोर्टाकडे किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे पाठवणार.

चुकीचं दार ठोठावणं

पार्लमेंट आणि मानवी हक्क कोर्ट दोन्ही स्ट्रासबर्गला, त्यामुळे लोकांच्या डोक्यात सगळं एकत्र होतं. तिथलं मानवी हक्क कोर्ट हे काउन्सिल ऑफ युरोप या वेगळ्या संघटनेचं, युरोपियन युनियनचं नाहीच, तिथे आधी देशातली सगळी कोर्टं संपवावी लागतात. ओम्बुड्समन, म्हणजे तक्रार निवारण अधिकारी, वेगळा, तो युनियनच्या स्वतःच्या संस्थांनी गैरकारभार केला तर, तुमच्या नगरपालिकेविरुद्ध नाही. सिटिझन्स इनिशिएटिव्ह, म्हणजे नवा कायदा आणा अशी नागरिकांची मागणी, अजून वेगळं, तिथे किमान सात देशांतून मिळून दहा लाख सह्या लागतात आणि ते जातं कमिशनकडे. ब्रिटनमधले लोक तर लंडनच्या पार्लमेंटच्या पिटिशन्समध्ये गल्लत करतात, तिथे एक लाख सह्या झाल्या की चर्चेसाठी विचार होतो, म्हणून इथेही सह्या गोळा करत बसतात. ब्रुसेल्सला एक सही पुरते! पोर्टलवर इतरांना पाठिंबा देता येतो आणि द्यावा पण, पण विषय कक्षेबाहेरचा असेल तर हजार सह्यांनीही तो आत येत नाही. आणि कुठल्यातरी ऑनलाइन सह्यांच्या साइटची लिंक ईमेल करणं म्हणजे पिटिशन टाकणं नव्हे.

आता ज्याला खरोखर लवकर सुटका हवी त्याने सॉल्विट बघाच. ही सरकारांची फुकट सेवा आहे, २००२ पासून चालू, दुसऱ्या देशातल्या सरकारी ऑफिसने युरोपियन कायदा चुकीचा लावला असेल तर तुमच्या देशाचं सॉल्विट केंद्र त्या देशाच्या केंद्राशी बोलतं आणि दहा आठवड्यात तोडगा काढायचा त्यांचा प्रयत्न असतो. प्रकरण कोर्टात गेलं असेल तर मात्र ते घेत नाहीत. मित्राने पोर्तुगालच्या केंद्रामार्फत तिथे पण टाकलं आणि बायकोचं कार्ड त्यातूनच आलं, पिटिशनमधून नाही.

मुदत चुकवणं

हे जरा ओरडून सांगावंसं वाटतं. पिटिशन टाकल्याने देशातली अपिलाची मुदत थांबत नाही. जर्मनीत नकाराच्या पत्राखाली अपिलाची सूचना असेल तर सहसा एक महिना मिळतो. "ब्रुसेल्सला लिहिलंय, बघू काय होतं" म्हणत एक जण थांबला आणि तो महिना गेला, नंतर वकील पण काही करू शकला नाही. कमिटी कोर्ट नाही, कोर्टाचा निकाल ती बदलू शकत नाही, फॉरेनर्स ऑफिसला हुकूम देऊ शकत नाही. आधी अपील, मग पिटिशन, किंवा दोन्ही सोबत.

फॉर्म भरताना

भाषा युनियनच्या २४ अधिकृत भाषांपैकी एक हवी, मराठीत लिहिलं तर सोबत अशा एखाद्या भाषेतलं भाषांतर जोडावं लागेल. ब्रिटन गेलं तरी इंग्रजी आहेच. नाव, राष्ट्रीयत्व, कायमचा पत्ता हे तिन्ही हवंच. पोर्टलवरून पाठवा किंवा सही करून पोस्टाने ब्रुसेल्सला. साधा ईमेल पिटिशन म्हणून धरत नाहीत. गटाने टाकत असाल तर प्रतिनिधी कोण ते लिहा, नाहीतर पहिली सही ज्याची त्यालाच सगळा पत्रव्यवहार जातो आणि तो माणूस देश सोडून गेलेला असतो.

आणि नाव! पिटिशन हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, काहीच सांगितलं नाही तर तुमचं नाव प्रसिद्ध होऊ शकतं. ओळखीच्या एका ताईंनी मुलाच्या आजाराबद्दल सगळं लिहिलं होतं, नशिबाने पाठवायच्या आधी विचारलं. नाव गुप्त ठेवायचं किंवा पूर्ण मजकूरच गोपनीय ठेवायचा अशी विनंती करता येते पण ती सुरुवातीलाच स्पष्ट करावी लागते. मुलांची नावं, मेडिकल कागद, शेजाऱ्याचं नाव हे मजकुरात टाकूच नका.

पाठवल्यावर घाबरणं किंवा विसरून जाणं

आपल्याकडे आरटीआयला ३० दिवसांची सवय असते, इथे तसं काही नाही, ग्राह्य आहे की नाही हे कळायलाच काही महिने जातात आणि पुढे कमिशनचं उत्तर, कमिटीत चर्चा वगैरे धरून वर्ष सहज. पण चर्चेला आलीच तर बैठक थेट ऑनलाइन दाखवतात, कधीकधी तुम्हाला बोलायलाही बोलावतात, तेव्हा पत्ता बदलला तर कळवा.

वेळ लागतो म्हणून ते वाया जातं असं नाही हो. स्पेनच्या किनाऱ्यावर बिल्डरांसाठी लोकांच्या जमिनी जात होत्या, त्यावर शेकड्यांनी पिटिशन्स आल्या आणि मार्च २००९ मध्ये पार्लमेंटने त्यावर सणसणीत ठराव केला, डॅनिश खासदार मार्ग्रेट ऑकेन यांच्या अहवालावर. पोलंडमध्ये ऑगस्टोव्ह बायपास रोस्पुदा नदीच्या दलदलीतून जाणार होता, तो विषयही या कमिटीकडे गेला, कमिशनने पोलंडला कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये रस्त्याचा मार्गच बदलला. दोन्ही ठिकाणी भरपूर लोक होते, युरोपियन कायद्याशी धागा पक्का होता आणि कागद व्यवस्थित होते.

पिटिशन अग्राह्य ठरली तर कारण द्यावं लागतं आणि तो निर्णय युरोपियन युनियनच्या कोर्टात तपासता येतो. २०१४ मध्ये कोर्टाने हेही स्पष्ट केलं की एकदा ग्राह्य धरल्यावर पुढे तिचं काय करायचं हा पार्लमेंटचा राजकीय निर्णय, त्याविरुद्ध कोर्टात जाता येत नाही. फाइल बंद झाल्याचं पत्र आलं तर ते फाडू नका, कारण वाचा. नंतर नवीन पुरावा मिळाला तर जुना नंबर टाकून ती पुन्हा उघडायची विनंती करता येते. मित्राची पिटिशन अजून उघडी आहे, बायकोचं कार्ड हातात आलंय तरी त्याने ती मागे घेतली नाही, कारण त्या दुसऱ्या दोन कुटुंबांपैकी एक अजून थांबलंय आणि त्यांचं पत्र तो आता जोडणार आहे.