लॉगिन झालं, आता हे बिल कुणाचं ते ठरवा

वेब अ‍ॅप्लिकेशन शिकायला लागलेल्या मुलामुलींची पहिली प्रोजेक्ट्स मी आवडीने बघतो. लॉगिनचं पान बहुतेकांचं नीट चालतं. जँगोसारखं फ्रेमवर्क (पायथन भाषेतला वेबसाइटचा तयार सांगाडा) घेतलं की पासवर्ड जपणं, सेशन (आत आलेल्या माणसाची सर्व्हरवरची तात्पुरती नोंद) सांभाळणं ही कामं आयतीच होतात. खरी परीक्षा पुढच्या पानावर असते: आत आलेल्या माणसाला त्याच्याच नोंदी दिसतात का? नव्या डेव्हलपरचा विचार किती पक्का आहे ते मला तिथे कळतं, म्हणून आज फक्त त्याबद्दल.

उदाहरणाला गृहनिर्माण सोसायटीची मेंटेनन्स बिलं घेऊ. सभासदाने लॉगिन करावं, आपली बिलं आणि थकबाकी पाहावी, एवढंच काम.

सर्व्हर माणूस ओळखतो कसा, ते आधी समजून घ्या. ब्राउझरकडून येणारी प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरला नवीनच असते. लॉगिन झाल्यावर जँगो ब्राउझरला एक कुकी (ब्राउझरने जपून ठेवायची छोटी नोंद) देतं. तिच्यात नाव नसतं, पासवर्डही नसतो. फक्त एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारी सेशन की असते. पुढच्या वेळी ती की आली की सर्व्हर आपल्याकडच्या सेशनमधून युजरचा आयडी काढतो आणि तो युजर ‘रिक्वेस्ट.युजर’ म्हणून तुमच्या हातात देतो. ही ओळख सर्व्हरने स्वतः पटवलेली असते. यूआरएल, फॉर्म, लपवलेली फील्डं यांतून जे येतं ते समोरच्या माणसाने पाठवलेलं असतं आणि त्याला ते हवं तसं बदलता येतं. ‘हा कोण’ याचं उत्तर कायम सेशनमधूनच घ्या.

आता टेबलं. बिलाच्या टेबलात युजरची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं पहिल्यांदा सुचतं. पण बिल माणसाच्या नावावर फाटत नाही, फ्लॅटच्या नावावर फाटतं. फ्लॅट नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असतो, पैसे बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा भरतो, मधल्या काळात भाडेकरू राहून जातो आणि एक दिवस फ्लॅट विकलाही जातो. म्हणून बिल फ्लॅटला जोडा आणि युजर व फ्लॅट यांच्यामध्ये एक वेगळं टेबल ठेवा: कोणता युजर, कोणता फ्लॅट, कोणत्या नात्याने, केव्हापासून, केव्हापर्यंत. फ्लॅट विकला गेला की जुन्या मालकाच्या ओळीत शेवटची तारीख भरायची, बिलांना हात लावायचा नाही. कोड लिहिण्याआधी सेक्रेटरी किंवा खजिनदारांशी अर्धा तास बोललात तर हे सगळं आपोआप समोर येतं. तो अर्धा तास काढाच.

फॉरेन की लिहिताना ‘ऑन डिलीट’ (जिच्याकडे बोट आहे ती ओळ डिलीट झाली तर काय करायचं) काय ठेवायचं हे जँगो २.० पासून सांगावंच लागतं. बहुतेक जण बघून बघून ‘कॅस्केड’ लिहितात. बिल आणि फ्लॅट यांच्यामध्ये कॅस्केड असेल, तर चुकून एक फ्लॅट डिलीट झाला की त्याची सगळी बिलं त्याच्याबरोबर जातात. पैशाच्या नोंदींना ‘प्रोटेक्ट’ हवं, म्हणजे बिलं असलेला फ्लॅट डिलीटच होत नाही.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. समजा बिलाच्या पानाची यूआरएल ४१२ या आकड्याने संपते. सभासदाने तिथे ४१३ टाकलं तर काय होईल? ‘लॉगिन रिक्वायर्ड’ लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते फक्त माणूस लॉगिन आहे का तेवढंच पाहतं, बिल त्याचं आहे का हे पाहत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या कंपनीच्या वेबसाइटवर घरखरेदीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं अशीच, लिंकमधला आकडा बदलून, कुणालाही पाहता येत होती. तिथे तर लॉगिनही लागत नव्हतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या गंभीर त्रुटींच्या २०२१ च्या यादीत याच प्रकारच्या त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत. २०१७ च्या यादीत त्या पाचव्या होत्या.

उपाय साधा आहे. आधी बिल शोधून मग ‘हे याचं आहे का’ असं विचारू नका. शोधच युजरपासून सुरू करा: या युजरचे चालू फ्लॅट, त्या फ्लॅटची बिलं, त्यांत ४१३ आहे का? जँगोच्या क्लास व्ह्यूमध्ये (व्ह्यू म्हणजे पानाची रिक्वेस्ट हाताळणारा कोड) हे ‘गेट क्वेरीसेट’मध्ये, म्हणजे कोणत्या नोंदींत शोधायचं ते ठरवणाऱ्या भागात, एकदा लिहिलं की यादी आणि तपशील दोन्ही पानांना तोच नियम लावता येतो. बिल सापडलं नाही तर ४०४ (‘सापडलं नाही’) जातं, आणि तेच योग्य. ४०३ (‘परवानगी नाही’) दिलं तर ‘असं बिल आहे, पण तुझं नाही’ एवढी माहिती तरी बाहेर जाते. आकड्यांऐवजी यूयूआयडी (अंदाज न येणारी लांब ओळखखूण) वापरलात तर चांगलंच, पण तपासणी त्यामुळे टळत नाही. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही.

नोंद तयार करतानाही हेच. तक्रारीच्या फॉर्ममध्ये युजर आयडीचं लपवलेलं फील्ड ठेवू नका. फॉर्म ‘कमिट फॉल्स’ने, म्हणजे डेटाबेसमध्ये न लिहिता, सेव्ह करा, युजर सर्व्हरवर भरा, मग पक्का सेव्ह करा. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रामरने गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या फॉर्ममधून स्वतःची पब्लिक की (कोडमध्ये बदल करू देणारी किल्ली) रेल्स या फ्रेमवर्कच्या खात्याला जोडून दाखवली. फॉर्ममधून येणारा युजर आयडी सर्व्हर जसाच्या तसा मान्य करत होता. गिटहबसारख्या ठिकाणी हे घडू शकतं, तर आपण डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

जुन्या नोंदी नव्या लॉगिनला जोडणं हे वेगळंच आणि किचकट काम आहे. समितीकडे एक्सेल असते: फ्लॅट, नाव, मोबाइल. नावावरून जोडायला जाऊ नका. एकच आडनाव दहा फ्लॅटांत असतं आणि स्पेलिंग दर पानावर बदलतं. मोबाइलवर ओटीपी पाठवणं त्यापेक्षा बरं, पण बंद पडलेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात आणि सोसायटीची यादी कित्येकदा जुनीच असते. मला पटलेली पद्धत अशी: छापील बिलावर एकदाच चालणारा कोड द्यायचा, सभासदाने तो टाकायचा, समितीने मंजुरी द्यायची. एकदा जोडणी झाली की पुढे सगळं आयडीवर चालतं. मग ईमेल किंवा नंबर बदलला तरी जोडणी तशीच राहते.

आडवाटाही तपासा. बिलांच्या पीडीएफ मीडिया फोल्डरमध्ये असतील आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर त्या थेट देत असेल, तर तुमच्या व्ह्यूमधला कोड चालतच नाही. एक्सेल डाउनलोड, मोबाइल अ‍ॅपसाठीची एपीआय (डेटा पुरवणारा दुवा), शोधाची चौकट, सगळीकडे तोच युजरपासून सुरू होणारा शोध हवा.

आणि टेस्ट (कोड आपोआप तपासणारा कोड) लिहा. दोन युजर, दोन फ्लॅट, प्रत्येकाचं एक बिल. ‘फोर्स लॉगिन’ने (पासवर्डशिवाय लॉगिन करून देणारी जँगोची सोय) पहिल्याला आत घ्या, दुसऱ्याचं बिल मागा, ४०४ येतं का पाहा. मग तेच पीडीएफसाठी, बदल करण्यासाठी, डिलीटसाठी. शेवटी पहिल्याची फ्लॅटवरची मुदत संपवा आणि त्याला त्याच फ्लॅटचं बिल पुन्हा मागायला लावा. मुलाखतीला जाताना प्रोजेक्टबरोबर ही टेस्टची फाइलही उघडून दाखवा. मी मुलाखत घेतो तेव्हा डिझाइनच्या आधी तीच बघतो.