लॅपटॉप स्लो झाला म्हणून नवा घेताय? या चुका टाळा

"भाऊ, नवाच घ्या लागते आता." सोयाबीनचे पैसे हातात आले की माझ्या दुकानात हे वाक्य सुरू होतं. लॅपटॉप पिशवीतून बाहेर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. मी काही बोलत नाही, टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. डिस्कपुढं १०० टक्के, प्रोसेसर १५ वर लोळतोय. बैल धडधाकट आहे, बंडीचं चाक रुतलंय. २०१५-१६ च्या सुमाराच्या आय-थ्री मशीनमधली फिरती हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टाकली, की चार मिनिटं रखडणारं विंडोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास उघडतं. पण डेटा आधी दुसरीकडे काढा. तो न काढता "फटकन करून द्या" म्हणणाऱ्यांचं काम मी घेतच नाही.

सगळ्यात जास्त डोकं उठवते ती न बघता आणलेली रॅम, म्हणजे लॅपटॉपची कामापुरती मेमरी. ही चूक मी स्वतः केली आहे. पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप होता. सकाळच्या एसटीनं नागपूरला गेलो, सीताबर्डीतून चार जीबीची डीडीआर-३ प्रकारची रॅमची पट्टी आणली. खाच जुळली, पट्टी टचकन बसली. बटण दाबलं तर फॅन फिरतोय, दिवा लागलाय, स्क्रीन काळी. खोडरबरनं पट्टी घासली, स्लॉट बदलले. गिऱ्हाईकाचा पोरगा डोक्यावर उभा, "काऊन नाही होऊन रायला चालू?" रात्री टॉर्चच्या उजेडात जुन्या पट्टीचं स्टिकर वाचलं: पीसी-३-एल. नव्या पट्टीवर तो 'एल' नव्हता. एल म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी, साधी १.५ वर. खाच दोघींची एकाच जागी, म्हणून बसायला बसते. दुसऱ्या दिवशी परत नागपूर. तेव्हापासून मी जुनी पट्टीच कागदात गुंडाळून खिशात नेतो. फोटो काढून भागतं म्हणतात, पण मला नाही भागत.

कापसाच्या जिनिंगजवळच्या गावातून येणाऱ्या मशीनची तऱ्हा वेगळी. लॅपटॉप तापून बंद पडतो, मालक म्हणतो मदरबोर्ड गेला. उघडलं तर फॅन आणि जाळीच्या मधे रुईचा गादीसारखा थर. चिमट्यानं अख्खा निघतो. पंक्चरवाल्याच्या हवेनं उडवू नका, त्यात पाणी येतं.

टचपॅड वर उचलला असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, चार्जिंग लगेच थांबवा.

आता विंडोज. १० चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. जुगाड करून जुन्यावर ११ चढवणारे पोट्टे गावोगाव आहेत. घरी सिनेमे बघायला चालेल. पण ज्या मशीनवर तुम्ही लोकांचे पीक विम्याचे अर्ज भरता, आधार आणि पासबुक स्कॅन करता, तिथं हा खेळ नको. तिथं नवाच घ्या, मीच सांगतो. बिजागरी तुटली, बॅटरी गेली, कीबोर्ड अर्धा चालतो, अशी दुरुस्तीच्या खर्चाची बेरीज नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तरी मी हात जोडतो.

आणि नवा घेताना रॅम बोर्डावरच डकवलेली, म्हणजे बदलता न येणारी आहे, की स्लॉट आहे ते विचारा. विकणारा "असेल ना" म्हणाला तर मी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तिथंच काउंटरवर बघतो, मागं कितीही लाइन लागो.