रानातलं उन्हाळी शिबिर : बिबट्याआधी मण्यारीचा बंदोबस्त

गौताळा, किनवट किंवा येडशीच्या रानात शिबिर म्हटलं की पालक आधी बिबट्याचं विचारतात. जास्त घोर मण्यार या विषारी सापाचा लावून घ्यावा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पोरगं 'मुंगी चावली' म्हणत कूस बदलतं, आणि पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, बोलताना जीभ अडखळते.

म्हणून सगळ्यांना खाटा द्या. खाटा नसतील तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. तंबूची चेन दिवसाही बंद हवी. खरकटं जवळ टाकलं की उंदीर येतात, उंदरामागे साप. सरपणाचा ढीग झोपायच्या जागेपासून लांब रचा. बूट झटकूनच घाला. दगड उलथायची खोड पोरांना असतेच, ती पहिल्याच दिवशी मोडा, कारण माळावर दगडाखाली फुरसं असतं.

साप चावलाच तर अंगठी, घड्याळ, पैंजण लगेच काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, पोराला चालवू नका, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. आवळून दोरी नको, ब्लेड नको, मांत्रिक तर नकोच. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात आहे, हे शिबिराआधीच विचारून घ्या. मोबाइलला रेंज नसेल तर गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर तिथेच हवेत.

अस्वलाचं वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, ती खायला ते पहाटे येतं. नजर अधू, त्यामुळे अचानक समोर माणूस दिसला की बिचकून अंगावर येतं. मोहाखालून, नाल्यातून जाताना मोठ्यानं बोलत चला. दिसलं तर पळू नका, झाडावरही चढू नका, तेही चढतं. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. धरलंच तर पालथं पडा, हात मानेमागे, पाठीवरची सॅक तशीच राहू द्या.

बिबट्यासाठी एवढंच: अंधारात शौचाला एकट्यानं जायचं नाही. बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. सोबतच्यानं बॅटरी घेऊन उभं राहायचं. समोर आलाच तर हात वर करून ओरडा, पाठ फिरवू नका.

आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली शेकोटी, धूर, अत्तर काही नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ पळा आणि बंद गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.