छोट्या डायग्नॉस्टिक कंपनीत वेगवेगळ्या घरांतली मुलंमुली आणायची, तर पैसा कुठून?

आमची भोसरीतली कंपनी रोगांच्या तपासणीची किट बनवते. माणसं अठरा. एवढ्याशा कंपनीत भरती ओळखीपाळखीनंच होते, त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे पुण्यातल्या दोन-तीन कॉलेजांचेच दिसतात. हे मोडायचं असेल तर विविधतेच्या नावाचा वेगळा निधी शोधत बसू नका. केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) योजनेचा पैसा आहे, तोच या कामाला लावा.

कायद्यानं तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक आहे. बहुतेक छोटे मालक ‘ऐच्छिक’ वाचून तिथंच थांबतात. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी ‘नॅट्स’ या सरकारी ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर कंपनीची नोंदणी करा, जागा टाका, निवड झाली की करार तिथंच तयार होतो. आपल्याकडचं काम मुंबईत सायनला असलेलं पश्चिम विभागाचं ॲप्रेंटिसशिप मंडळ बघतं. २०१९च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० आणि डिप्लोमावाल्याचं ८,००० रुपये धरलंय. या किमान रकमेतलं निम्मं सरकार देतं. अर्ज करताना चालू दर बघून घ्या. शिकाऊ उमेदवारांना पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, तोही खर्च वाचतो. सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो, तेव्हा खातं आधारला जोडलंय का ते पहिल्या दिवशीच तपासा. गावच्या बँकेतलं जुनं खातं असेल तर इथंच घोडं अडतं.

आता मुलं मिळवायची कुठून? जाहिरात लिंक्डइनवर टाकलीत तर पुन्हा तेच चेहरे येतील. तालुक्याच्या कॉलेजांतल्या मायक्रोबायोलॉजी विभागप्रमुखांना फोन करा. समाजकल्याणच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या मुलींच्या वसतिगृहांत मराठीत सूचना लावून घ्या. ‘फर्डं इंग्रजी आवश्यक’ ही ओळ काढून टाका. एलायझा (आमच्या कामातली एक तपासणी) करायच्या प्लेटला त्याचं काही देणंघेणं नसतं.

मुलाखतीत मी हात कसा चालतो ते बघते. तराजूवर छोटं बीकर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पिपेटनं (अगदी थोडं पाणी मोजून घ्यायचं, बटण दाबून चालवायचं साधन) शंभर मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडायला सांगायचं. दर वेळी आकडा ०.१ ग्रॅमनं वाढायला हवा. आधी आपण करून दाखवायचं: बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून पाणी घ्यायचं, सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबायचं. कित्येकींच्या कॉलेजात अख्ख्या बॅचला मिळून एखादंच पिपेट असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन आकडे सोडून द्या. त्यानंतर दर वेळची वाढ जवळजवळ सारखी आली की मुलगी घ्या.

खरी अडचण पुढे असते. नंदुरबारहून आलेल्या मुलीचं पुण्यात किमान विद्यावेतनात भागत नाही. खोली आणि मेसमध्येच ते संपतं. नियमातला आकडा किमान आहे, वर द्यायला कुणाची आडकाठी नाही. सरकारी वाट्यानं जे वाचतं ते राहण्याच्या सोयीत घाला. नाहीतर दोन महिन्यांत जागा रिकामी होते आणि पुण्यात घर असलेलंच कुणीतरी तिथं येतं. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान (५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी) मागणार असाल, तर त्यात मनुष्यबळाचा वेगळा रकाना असतो. प्रस्ताव लिहितानाच एक कनिष्ठ जागा त्यात धरा.

दिव्यांग व्यक्तीला कायम नोकरीवर घेणार असाल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मागून घ्या. त्यांच्यासाठी ईएसआयची वेतनमर्यादा २१,०००ऐवजी २५,००० आहे. आणि हो, बसून काम करता येईल असं टेबल आधी करून घ्या; सुताराचं बिल फार येत नाही.

बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बायकांना ॲप्रेंटिसशिपचा उपयोग नाही, ती नव्या पदवीधरांसाठी आहे. त्यांच्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाइज-किरण’ योजना बघा. तिच्यात पेटंटच्या कामाचं प्रशिक्षणही असतं, आणि छोट्या कंपनीला पेटंट शोधणारं माणूस अर्धवेळ मिळालं तरी पुरतं.

करार संपायच्या दोन महिने आधी कायम करणार की नाही ते स्पष्ट सांगा. नोकरी द्यायचं बंधन तुमच्यावर नाही, पण शिकाऊ मुलीला खोलीची अनामत भरायची की परत मागायची, हे ठरवायचं असतं.