दोन वर्षांच्या लेकरासोबत घरचे प्रयोग: या चुका टाळा

प्रयोग फसला की खापर लेकरावर फुटतं, 'एका जागी बसतच नाही'. खरं तर बहुतेक वेळा चुकलेलं असतं सामान. त्यातली एक चूक तर खास खानदेशातली.

मूग उगवून दाखवायचे म्हणून घरात पडलेला शेतातला कापूस घेतात. घरी एवढा असताना विकत कोण आणणार? पण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. चमचाभर पाणी घाला, थेंब गोळी होऊन वर बसतो, मग घरंगळून वाटीच्या तळाशी जातो. मूग कोरडेच. दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'पाणी कमी पडलं' म्हणत वाटी काठोकाठ भरतं. आता दाणे बुडतात, त्यांना हवा मिळत नाही आणि दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटतो. मग 'मूगच जुने होते' असा निकाल लागतो आणि पेरणीच्या पिशवीतलं मक्याचं किंवा कपाशीचं उरलेलं बियाणं काढलं जातं. इथे मात्र गंमत संपते. त्या बियाण्यावरचा गुलाबी-निळा-लाल रंग शोभेचा नसतो, सोबत बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. लेकरू ते आधी तोंडात घालणार. त्या पिशवीला हातसुद्धा लावू नका.

मेडिकलमधला कापूस घ्या, त्याचं मेण काढलेलं असतं. त्याहून बरा जुन्या बनियनचा चार पदरी तुकडा. रात्रभर भिजवलेले दहा मूग मोठ्यांनीच मोजून मांडायचे, कारण नाकात गेलेला दाणा ओलीने फुगतो आणि डॉक्टरकडे धावावं लागतं. लेकराचं काम चमच्याने पाणी घालण्यापुरतं. बोटाने दाबल्यावर ओल लागावी, पाणी साचू नये. मे महिन्यात कूलरच्या झोतात वाटी ठेवली तर दुपारपर्यंत कापड खडखडीत वाळतं. माठाच्या तिवईखाली ठेवा आणि दिवसातून तीनदा ओलवा. मोड आला का हे दर तासाला उपटून बघू नका. हे लेकरांपेक्षा बापच जास्त करतात.

दुसरी चूक हळदीची. कुंकू हळद-चुन्यापासून बनायचं हे घरोघरी माहीत, म्हणून हळद लाल करायला पानाच्या डब्यातला चुना येतो. चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं, नजर कायमची जाऊ शकते. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात चुन्याची पुडी हाताला लागेल अशी नकोच. तेच काम अंगाला लावायचा साबण करतो. पाव कप पाण्यात अर्धा चमचा हळद कालवून पांढरं सुती कापड बुडवा, सावलीत वाळवा. ओल्या साबणाची वडी लेकराच्या हाती देऊन त्यावर फिरवू द्या, तांबडे पट्टे उमटतात. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. भांड्यांचं लिक्विड वापरून 'काही झालंच नाही' म्हणणारे बरेच असतात. त्यातली कित्येक लिक्विडं जवळपास उदासीन असतात, हळद लाल होणार कशी?

सोडा-लिंबू करताना खायचाच सोडा घ्या, धुण्याचा नाही. सगळा रस एकदम ओतला तर फेस दोन सेकंदांत संपतो. ताटात चमचाभर सोडा पसरा आणि रस थेंबाथेंबाने घालू द्या. झाकणबंद बाटलीत हा प्रकार कधीच नको, बाटली फुटते.

तरंगतं-बुडतं बादलीत नको, परातीत. दोन वर्षांचं मूल बादलीत डोकावताना उलटं पडलं तर त्याला स्वतःहून उठता येत नाही. नाणी, गोट्या, घड्याळाचे सेल बाद. केळं, बटाटा आणि भरताचं वांगं पुरे. भलंमोठं वांगं तरंगतं आणि लहानसा बटाटा तळ गाठतो, तेव्हा लेकरू आपणहून वांगं खाली दाबून बघतं. दाबू द्या. लगेच 'आतमध्ये हवा असते' सांगायची घाई कशाला? खेळ संपला की परात लगेच रिकामी करा.

बर्फ वितळवायचा तर स्टीलच्या ताटलीत, वाटीएवढा मोठा तुकडा. छोटे खडे घशात अडकतात.

सावलीचा खेळ उन्हाळ्यात दुपारी करणाऱ्यांना काय सांगावं! मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-धुळ्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सावली पायाखालीच राहते. सकाळी आठच्या आत अंगणात उतरा, फरशी तापायच्या आधी.