अडकलेला दट्ट्या: जुने फाउंटन पेन मोकळे करण्याची रीत

खानदेशात जुन्या पेनाचा दट्ट्या, म्हणजे मागची गुंडी फिरवली की नळीत सरकून शाई आत ओढणारा भाग, बहुधा मोडल्यामुळे नव्हे, तर शाई वाळल्यामुळे अडकतो. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि भरलेले पेन तसेच कपाटात राहिले की पाणी उडून जाऊन उरलेला रंग दट्ट्या आणि नळी यांच्यामध्ये खळीसारखा घट्ट बसतो. १९२९ साली बाजारात आलेल्या पेलिकन या जर्मन कंपनीच्या पेनाच्या दट्ट्याला कॉर्कचे वेष्टण होते. ते कोरड्या हवेत आकसतेही.

मागची गुंडी जोराने फिरवू नये, हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतो. पकडीत धरून एक गुंडी फिरवली तेव्हा बारीकसा 'टक्' आवाज झाला, गुंडी मोकळी गरगरू लागली आणि दट्ट्या जागचा हलला नाही, कारण आतल्या स्क्रूचे आटे गेले होते.

काम पाण्यालाच करू द्यावे. आमच्याकडचे बोअरचे पाणी वाळल्यावर पांढरा क्षार सोडते, म्हणून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. ते कढत मुळीच नसावे, कारण उष्णतेने सेल्युलॉइड (जुन्या पेनांचे प्लास्टिक) वाकते आणि एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) काळा रंग तपकिरी पडतो. स्पिरिट आणि थिनर तर पेनाजवळही आणू नये. निब खाली करून पेन ग्लासात उभे ठेवावे. पाणी निळे झाले की बदलावे. दुसऱ्या दिवशी निब सहज फिरून निघाली, तर उघड्या तोंडातून ड्रॉपरने आत पाणी सोडावे. निघाली नाही, तर तिच्याशी झटू नये.

दोन-तीन दिवसांनी पेन उजेडासमोर धरून शाईच्या खिडकीतून, म्हणजे नळीवरच्या पारदर्शक पट्टीतून, दट्ट्या कुठे आहे ते पाहावे, कारण तो टोकाला असेल तर गुंडी एकाच दिशेने फिरेल. मग ती नखाएवढीच हलवून पाहावी. अडली की मागे आणून पुन्हा भिजवावे. यात आठवडाही जाऊ शकतो.

दट्ट्या सुटल्यावर घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मिळणारे सिलिकॉन ग्रीस टूथपिकच्या टोकाएवढे नळीच्या आतून लावावे आणि दट्ट्या चार-पाच वेळा वरखाली करावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चालत नाही. शेवटी पाणी भरून पेन रात्रभर टिपकागदावर ठेवावे. सकाळी दट्ट्याच्या मागे ओल दिसली, तर वेष्टण गेले आहे असे समजून ते जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावे.