दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कोची कशी बघावी

कोकण रेल्वेने केरळात जाता-येता एर्नाकुलमला गाडी बदलायची वेळ येते आणि मधे सात-आठ तास मोकळे राहतात. तेवढ्यात चेराईचा किनारा, मरीन ड्राइव्ह, मॉल, बॅकवॉटर असं सगळं कोंबणाऱ्या याद्या फिरत असतात. त्या खुशाल बाजूला ठेवा. कामानिमित्त माझी इथे सारखी ये-जा असते. वेळ थोडा असेल तर पाण्यापलीकडचं फोर्ट कोची आणि मट्टंचेरी बघावं, बाकी पुढच्या खेपेला.

सामान क्लोकरूममध्ये टाका, पण आधी तिकीट नीट वाचा. एर्नाकुलम जंक्शन म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘साउथ’ आणि एर्नाकुलम टाउन म्हणजे ‘नॉर्थ’. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. उतरलात एकीकडे आणि पुढची गाडी दुसरीकडून, असं सर्रास होतं.

वारही बघा. शुक्रवारी मट्टंचेरीचा राजवाडा बंद असतो, आणि शुक्रवार-शनिवारी तिथल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचा, भरवसा धरू नये.

जाताना सरकारी बोटीनेच जा. रिक्षावाल्याला ‘मेन बोट जेट्टी’ म्हणून सांगा, ती सुभाष पार्कला लागून आहे. नुसतं ‘जेट्टी’ म्हटलंत तर तो हायकोर्टजवळच्या वॉटर मेट्रोच्या, म्हणजे दुसऱ्याच एका बोटसेवेच्या, टर्मिनलवर नेऊन सोडेल. तिकीट अगदीच किरकोळ, खिडक्या उघड्या, आणि शेजारी कामावर निघालेली माणसं. वाटेत विलिंग्डन बेट लागतं. बंदरासाठी गाळ उपसला, त्याच्या भरावावर हे बेट उभं राहिलं. बोट तिथल्या धक्क्याला लागली तर उतरू नका.

पलीकडे फोर्ट कोचीला उतरलात की चालायला लागा. ‘शंभर रुपयांत सगळं दाखवतो’ म्हणणाऱ्या रिक्षात बसू नका. तो तुम्हाला मसाल्याच्या आणि गालिच्यांच्या दुकानांतून फिरवतो, कारण त्याची खरी कमाई तिथल्या कमिशनची असते. तुमचे दोन तास मात्र जातात.

किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी सकाळीच बघावीत. लाकडी सांगाडा पाण्यात झुकतो आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे एकेक करून वर उचलले जातात. जाळं वर येतं तसे ते पुन्हा जमिनीला टेकतात. दोर ओढायला तुम्हालाही बोलावतील. जरूर ओढा, पण पैसे आधी ठरवून.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत काही मिनिटांवर आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला आणि त्याला इथेच पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याचा दगड बघून झाला की मान वर करा. छताला कापडी पंखे टांगलेले आहेत आणि त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. ओढणारा माणूस बाहेर बसायचा.

आता मट्टंचेरीला साधी मीटरची किंवा ठरवलेली रिक्षा. १५६८ सालचं सिनेगॉग दुपारी बंद होतं, म्हणून ते आधी, राजवाडा नंतर. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं बघा, पालख्यांपाशी रेंगाळू नका. जेवायला शाकाहारी माणसाने गुजराती रोड गाठावा. वेळ उरलाच तर तिरुमल देवस्वम मंदिराच्या बाजूला एक चक्कर मारा. पोर्तुगीज काळात गोवा सोडून आलेल्या सारस्वतांची ही वस्ती, कानावर कोंकणी पडते.

खरी परीक्षा परतीची. सुरुवातीला मलाही हाच टप्पा जड गेला, कारण जो तो सांगतो, ‘जाळ्यांमागचा सूर्यास्त बघा आणि मग निघा.’ संध्याकाळची गाडी असेल तर हा सल्ला अजिबात ऐकू नका. सूर्यास्ताला सगळा किनारा एकदम उठतो आणि एकदम धक्क्यावर येतो. वॉटर मेट्रोच्या बोटीत ठरलेल्या संख्येवर एकही माणूस घेत नाहीत. योग्यच आहे ते, पण त्यामुळे रांग जागची हलत नाही. अ‍ॅपवर प्रवास वीस मिनिटांचा दिसतो. रांगेत किती वेळ जाईल, ते कुठेच लिहिलेलं नसतं. रस्त्याने जावं तर त्याच वेळी तोप्पुमपडीच्या पुलाकडे गाड्या तुंबलेल्या.

म्हणून माझा नियम पक्का आहे: गाडीच्या अडीच तास आधी फोर्ट कोचीच्या धक्क्यावर. रांग मोठी दिसली तर तिच्यात उभंच राहू नका. शेजारच्या धक्क्यावरून समोरच्या वायपिन बेटाला रो-रो सुटते, दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीसारखीच, गाड्या आणि माणसं एकत्र. पाण्यावरची काही मिनिटं, तिकीट क्षुल्लक. वायपिनला उतरलात की ‘हायकोर्ट’ची बस पकडा. ती गोश्री पुलांवरून शहरात येते. हायकोर्ट जंक्शनला उतरून साउथ किंवा नॉर्थ, जे तिकिटावर असेल त्या स्टेशनला रिक्षा करा. रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हणू नका, नाव सांगा.